नेत्यांचं पर्यावरणप्रेम खरं की खोटं? हा प्रश्न सिनॉप्सिसमधून आधी काढा

पेटचा निकाल लागला की पुढचे दोन महिने मला ओळखीच्या-अनोळखी विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस येत राहतात. "ताई, एकदा नजर टाकाल का?" विषय राज्यशास्त्राचा असो, समाजशास्त्राचा किंवा पत्रकारितेचा, त्यात एक शीर्षक हमखास असतं: 'महाराष्ट्रातील राजकीय नेतृत्वाची पर्यावरणविषयक भूमिका : एक चिकित्सक अभ्यास'. शीर्षक भारदस्त असतं. पण आत दुसऱ्या पानावर खरा प्रश्न सापडतोच. हे नेते पर्यावरणाबद्दल मनापासून बोलतात, की नुसता देखावा करतात?

प्रश्न वाईट नाही. पाच जूनला रोप लावतानाचा फोटो आणि त्याच आठवड्यात झाडं तोडायची परवानगी, हे पाहिल्यावर कुणाच्याही डोक्यात तो येणारच. माझ्याही पहिल्या आराखड्यात तो होता. गाईडनी समासात एवढंच विचारलं होतं की मन मोजायची पट्टी कुठे मिळते. तेव्हा राग आला. आता वाटतं की त्या एका ओळीने माझं निदान एक वर्ष वाचवलं.

आज त्याच प्रश्नाची चिकित्सा करू या. मला असं दाखवायचं आहे की नेत्याचा प्रामाणिकपणा हा पर्यावरणाच्या राजकारणात आपल्याला वाटतो तितका उपयोगाचा घटक नाही. तो नीट मोजता येत नाही. आणि समजा मोजता आला, तरी जंगल वाचेल की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. हे नुसतं म्हणून चालणार नाही, म्हणून तीन तुलना घेऊ. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला आपण मिलच्या पद्धती पाठ करतो ना, त्याच इथे वापरायच्या आहेत.

आधी नेहमीच्या पट्ट्या तपासू

प्रामाणिकपणा मोजायला विद्यार्थी साधारण तीन गोष्टी घेतात.

पहिली, भाषणं आणि जाहीरनामे. 'पर्यावरण', 'हवामान बदल', 'शाश्वत' हे शब्द किती वेळा आले ते मोजायचं. यातून काहीतरी नक्की कळतं, पण ते मनाबद्दल नसतं. लोकांना काय ऐकायला आवडेल असा पक्षाचा अंदाज आहे, ते कळतं. डेव्हिड मेह्यू या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९७४ च्या आपल्या पुस्तकात लोकप्रतिनिधींच्या कामाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःची जाहिरात करणं, श्रेय घेणं आणि भूमिका घेणं. यातली 'भूमिका घेणं' म्हणजे लोकांना पटेल असं मत जाहीर करणं. मत जाहीर केल्याबद्दलच शाबासकी मिळते, पुढे काही घडो न घडो. जाहीरनाम्यातले शब्द मोजताना आपण नेमकी हीच गोष्ट मोजत असतो.

दुसरी, आकडे. आपल्या राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी असं उद्दिष्ट चढत गेलं. सरकार बदललं आणि त्याच मोहिमेच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. आता यातून मोहीम राबवणारे प्रामाणिक होते का ते ठरवा बरं. की चौकशी लावणारे प्रामाणिक होते? दोन्ही बाजूंनी लेख लिहिता येतो, आणि दोन्ही बाजूंनी लिहिलाही जातो. किती रोपं लावली हा आकडा कामाची सुरुवात सांगतो. तीन पावसाळ्यांनंतर किती जगली, कुठल्या जातीची होती, आधी तिथे गवताळ माळ होता का, हे प्रश्न परिणामाचे आहेत. यातला एकही प्रश्न मंत्र्यांच्या मनाचा नाही, हे लक्षात घ्या.

तिसरी पट्टी म्हणजे दुटप्पीपणा पकडणं. "तेव्हा असं म्हणाले, आता असं करतात." वर्तमानपत्रासाठी हे छान आहे. संशोधनात अडचण अशी की मत बदलणारा माणूस खोटाच असतो असं नाही, आणि एकच मत वीस वर्षं धरून बसलेला खराच असतो असंही नाही. विरोधी बाकावरून सरकारी बाकावर गेलं की माहिती बदलते, दबाव बदलतात, तिजोरी दिसते. यातलं कोणतं कारण खरं, हे बाहेरून ओळखायचं कसं?

आता तुलनांकडे वळू.

पहिली तुलना : मनं वेगळी, निकाल सारखे

एकाच काळातले दोन नेते घ्या, रिचर्ड निक्सन आणि इंदिरा गांधी. एकमेकांबद्दल दोघांचं मत फार चांगलं नव्हतं, पण तो विषय वेगळा.

इंदिरा गांधींना निसर्गाची आवड होती, हे त्यांच्या पत्रांवरून आणि आयुष्यभराच्या सवयींवरून बऱ्यापैकी सिद्ध होतं. जयराम रमेश यांनी त्यावर २०१७ मध्ये एक चरित्रच लिहिलं. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेला यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर बाहेरून आलेल्या सरकारप्रमुख त्या एकट्याच होत्या. तेव्हा पर्यावरण हा भारतात मतं मिळवून देणारा विषय नव्हता. म्हणजे 'मतांसाठी केलं' हे स्पष्टीकरण इथे फारसं चालत नाही.

निक्सन यांचं उलट. १९६९-७० मध्ये अमेरिकेत पर्यावरणाची लाट होती. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला लाखो लोक रस्त्यावर आले. डेमोक्रॅटिक पक्षातले सिनेटर मस्की हे १९७२ च्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी होते आणि हा विषय त्यांच्या हातात होता. निक्सन यांनी तो आपल्याकडे ओढला. व्हाइट हाउसमधलीच ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. मोटार उद्योगातल्या बड्या लोकांशी १९७१ मध्ये बोलताना पर्यावरणवाद्यांबद्दलची त्यांची चीड त्यात स्वच्छ ऐकू येते. एखाद्या नेत्याच्या मनाचा याहून थेट पुरावा संशोधकाला सहसा मिळत नाही.

आता दोघांच्या काळात काय झालं ते बघा. निक्सन यांच्या सहीने १ जानेवारी १९७० ला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा आला. प्रकल्पाआधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल ही कल्पना तिथून जगभर गेली, आपल्याकडेही आली. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली आणि स्वच्छ हवा कायदाही आला. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो दोन तृतीयांश मतांनी झुगारून कायदा केला.

इकडे इंदिरा गांधींच्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प, १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा. सायलेंट व्हॅलीतला जलविद्युत प्रकल्प १९८३ मध्ये सोडून दिला गेला आणि पुढच्या वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. (यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेने लोकांमध्ये केलेलं काम विसरू नका. सगळं श्रेय दिल्लीला देणं ही आपल्या क्षेत्रातली जुनी सवय आहे.)

म्हणजे एक नेता मनापासून गुंतलेला, दुसरा आतून वैतागलेला, आणि तरी दोघांच्या मागे पन्नास वर्षं टिकणारे कायदे उरले. स्वतंत्र चल बदलला, पण निकालात त्या प्रमाणात फरक पडला नाही.

अजून एक अवघड गोष्ट आहे. पर्यावरणाचं रक्षण हे राज्याचं मार्गदर्शक तत्त्व करणारं कलम ४८अ आणि नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगणारं ५१अ(ग) ही दोन्ही १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतून आली. हीच दुरुस्ती आणीबाणीत झाली आणि न्यायालयांचे अधिकार कापण्यासाठी ती कुप्रसिद्ध आहे. तेव्हा नेता 'प्रामाणिक' आहे असं ठरल्यावरही तुमचं काम संपत नाही. प्रामाणिक माणूस सत्तेत काय काय करू शकतो, हा प्रश्न तसाच उरतो.

दुसरी तुलना : सरकारं वेगळी, निकाल एकच

आता पश्चिम घाट. इथे मेथडॉलॉजीचा एक साधा नियम लागू होतो: जे बदलत नाही, त्याचं कारण बदलणाऱ्या गोष्टीत शोधू नये.

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला, पण त्याआधीच, जुलैमध्ये, रमेश यांचं खातं बदललं होतं. अहवाल मंत्रालयाने लगेच खुला केला नाही. माहिती अधिकारात मागणी, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश, मग दिल्ली उच्च न्यायालय, असा प्रवास करून तो मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. पाठोपाठ कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला आणि घाटाचा साधारण ३७ टक्के भाग, म्हणजे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरावा असं सुचवलं.

मग अधिसूचनेचे मसुदे सुरू झाले. पहिला मार्च २०१४ मध्ये निघाला, तेव्हा केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं सरकार होतं. त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असे पाच मसुदे भाजपच्या नेतृत्वाखालच्या सरकारने काढले. एकूण सहा. मसुदा निघाला की हरकतींसाठी साठ दिवस मिळतात, आणि ठरावीक मुदतीत तो अंतिम झाला नाही तर बाद होतो. मग पुन्हा नवा मसुदा. सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्यातलं सर्वात जास्त कर्नाटकाखालोखाल महाराष्ट्रात आहे, १७,३४० चौरस किलोमीटर.

राज्यांचं बघा. कर्नाटकात भाजपचं सरकार असताना विरोध झाला, आणि काँग्रेसचं सरकार आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारला. केरळात डावे आणि काँग्रेस एकमेकांशी कशावरच सहमत होत नाहीत, पण इथे झाले. गोव्याने यादीतली गावं कमी करायची मागणी केली.

या काळात किती पर्यावरण मंत्री आले-गेले! त्यांच्यातले काही मनापासून काम करणारे असतील, काही नसतील. फरक पडला का? नाही. म्हणजे स्पष्टीकरण माणसांच्या मनात नाही. ते रचनेत आहे. खाणी, रिसॉर्ट, रस्ते, जमिनीचे व्यवहार यांत ज्यांचा पैसा आहे, ते मोजके आणि संघटित आहेत. घर दुरुस्त करायला परवानगी लागेल का, गोठा बांधता येईल का, ही गावकऱ्यांची भीती खरी आहे आणि तिला कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. गाडगीळ गटाने निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असं म्हटलं होतं, पण अहवालच वेळेवर स्थानिक भाषांतून गावांपर्यंत पोचला नाही. आणि फायदा ज्यांना होणार ते खाली मैदानात राहतात, नद्यांचं पाणी पितात, पण या मुद्द्यावर मत देत नाहीत. अशा मांडणीत नेता कसाही असला तरी 'मसुदा काढ आणि मुदत जाऊ दे' हीच सर्वात सुरक्षित चाल ठरते. मसुदा काढल्याचं श्रेय मिळतं आणि अंतिम न केल्यामुळे कुणी दुखावत नाही.

या चालीचा हिशेब कुणाला चुकवावा लागतो? ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसं गेली. सहाव्या मसुद्यावरची तारीख आहे ३१ जुलै २०२४. इथे मला एक सावधगिरी सांगायची आहे. अधिसूचना असती तर ही गावं वाचली असती, असं या तारखांवरून सिद्ध होत नाही. दरडींना पाऊस, उतार, माती, जमिनीचा वापर अशी अनेक कारणं असतात. या तारखा एवढंच दाखवतात की विषय केव्हा हलतो. अँथनी डाउन्स यांनी १९७२ मध्ये लिहिलं होतं की पर्यावरणासारख्या प्रश्नांकडे लोकांचं लक्ष एका धक्क्याने वळतं, मग खर्च कळला की उत्साह ओसरतो. आपल्याकडे मसुदे या चक्राच्या वरच्या टोकाला निघतात आणि खालच्या टोकाला बाद होतात.

तिसरी तुलना : पक्ष एकच, निकाल वेगळे

आता आपल्या सर्वांना माहीत असलेलं आरे. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो-३ साठी आरे कॉलनीत कारशेड ठरलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने झाडं हटवायला मंजुरी दिली. शिवसेनेच्या सदस्यांनी विरोधात मत दिलं, पण राज्यात त्याच काळात शिवसेना भाजपबरोबर सरकारात होती आणि सरकारातच राहिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती लागल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. ३३ कोटी वृक्षलागवडीचं वर्ष तेच, हेही लक्षात असू द्या.

नोव्हेंबरअखेर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारशेडच्या कामाला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याची आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली. कांजूरच्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं. जून २०२२ अखेर एकनाथ शिंदे यांचं सरकार आलं आणि कारशेड लगेच परत आरेत गेलं. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला.

आता विचारा, ठाकरे प्रामाणिक होते का? "हो. सत्तेत आल्याबरोबर शब्द पाळला, केंद्राशी भांडण घेतलं." बरोबर. "नाही. झाडं तुटली तेव्हा सरकारातून बाहेर पडले नाहीत." हेही बरोबर. फडणवीस? "पर्यावरणाची पर्वा नाही." किंवा, "मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या आणि धूर कमी होतो, हाही पर्यावरणाचाच मुद्दा आहे आणि तो त्यांनी सुरुवातीपासून मांडला." एकाच पुराव्यातून दोन उलट निष्कर्ष निघत असतील तर दोष पुराव्यात नसतो. प्रश्न चुकलेला असतो.

याच्या शेजारी सागरी किनारा मार्ग ठेवा. शहर तेच, वर्षंही तीच. महापालिकेचा प्रकल्प, महापालिका शिवसेनेच्या हातात, भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या हस्ते. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये काम पुढे न्यायची मुभा मिळाली. वरळीच्या कोळी बांधवांना पुलाच्या खांबांतलं अंतर वाढवून मिळावं म्हणून लांब झगडावं लागलं. वरळी हा आदित्य ठाकरे यांचाच मतदारसंघ.

'ढोंग उघड झालं' असा याचा अर्थ काढू नका. एकच पक्ष जंगलासाठी उभा राहतो आणि समुद्रासाठी राहत नाही, तर फरक कशात आहे हे शोधा. प्रकल्प कुणाच्या नावावर आहे? श्रेय कुणाला मिळणार? विरोध करणारे कोण आहेत, शहरातले इंग्रजी बोलणारे तरुण की होड्यांवरचे मच्छीमार? आरेच्या आंदोलनातही हाच भेद होता. झाडांचे फोटो सगळीकडे गेले, पण प्रजापूरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यांतून कारशेडसाठी हललेली घरं त्या मानाने फार कमी लोकांना आठवतात. हे सगळे संशोधनाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं मिळू शकतात.

मग विचारायचं काय?

माझा पर्याय असा: मनात काय होतं याऐवजी, केलेलं उलटवायला किती कष्ट पडतात ते विचारा.

आरेकडेच परत बघा. स्थगिती हा प्रशासकीय निर्णय होता. तो एका दिवसात आला आणि नवं सरकार आल्यावर तितक्याच वेगाने गेला. राखीव वनाचं तसं नाही. भारतीय वन अधिनियमाखाली राखीव झालेली जमीन परत मोकळी करायची तर १९८० च्या कायद्यानुसार केंद्राची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे एकाच सरकारने एकाच जागेसाठी दोन गोष्टी केल्या, एक सहज पुसता येणारी आणि एक अवघड. आता अधिसूचनेतलं राखीव क्षेत्र आणि कारशेडचा भूखंड हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून बघा. कुठली रेघ कुठून काढली आणि का, हा एका प्रकरणाचा विषय आहे.

कायदा तरी कुठे अभेद्य असतो, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. वन संवर्धन कायदा २०२३ मध्ये सैल झाला. पण त्यासाठी विधेयक आणावं लागलं, संयुक्त समितीपुढे हरकती आल्या, चर्चा झाली. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन 'वन' शब्दाचा १९९६ पासूनचा व्यापक अर्थ तूर्त कायम ठेवला. बदल झाला, पण उजेडात झाला आणि त्याला किंमत पडली. आपल्याला मोजायची आहे ती हीच किंमत.

यातून चार प्रश्न निघतात. कुठल्याही नेत्याला, कुठल्याही पक्षाला सारखेच लावा.

एक, या निर्णयाने त्यांच्या स्वतःच्या गटातलं कोण नाराज झालं? विरोधकाच्या प्रकल्पाला विरोध करणं स्वस्त असतं. स्वतःच्या ठेकेदाराला, स्वतःच्या मतदाराला नाही म्हणणं महाग असतं.

दोन, निर्णयाचं कागदी रूप काय? भाषण, घोषणा, शासन निर्णय, मसुदा अधिसूचना, अंतिम अधिसूचना, कायदा. ही चढती शिडी आहे, गोष्ट कुठल्या पायरीवर थांबली ते नोंदवा.

तीन, पैसा आला का? अर्थसंकल्पातली तरतूद बघून थांबू नका, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च बघा. तीन रकाने शेजारी ठेवले की बऱ्याच घोषणा पातळ होतात.

चार, सरकार बदलल्यावर काय उरलं?

पुरावा कुठे मिळेल? राजपत्रात, विधिमंडळाच्या कामकाजात, वृक्ष प्राधिकरणाच्या इतिवृत्तात, न्यायालयाच्या आदेशांत, परिवेश पोर्टलवर, नाही तर माहिती अधिकारात. वर्तमानपत्रांची कात्रणं शेवटी, तीही तारखा जुळवायला. मुलाखती जरूर घ्या, पण नेत्याला "तुम्ही प्रामाणिक आहात का?" विचारायला जाऊ नका. "ही फाईल कुठे अडली होती?" असं विचारा. अधिकारी, माजी अधिकारी याचं उत्तर देतात, कधी कधी चहा मागवून देतात.

माझ्या म्हणण्यातली कच्ची बाजू

मी प्रामाणिकपणाला अगदीच हद्दपार केलं, असा आक्षेप व्हायव्हात येईल. तो निम्मा बरोबर आहे. कुठलाही विषय पहिल्यांदा टेबलावर कोण आणतं, हे समजून घेताना माणसाची आवड मोजावीच लागते. १९७२ मध्ये मतं मिळणार नव्हती तरी इंदिरा गांधी स्टॉकहोमला गेल्या. २०१० मध्ये एक मंत्री इच्छुक नसता तर गाडगीळ गट नेमला गेला नसता. सुरुवात समजावून सांगायला मन उपयोगी पडतं. पण ती सुरुवात पुढे टिकली का, याचं उत्तर त्या मनात मिळत नाही. गाडगीळ अहवाल सादर होईपर्यंत तो नेमणारे मंत्री त्या खात्यात राहिलेसुद्धा नव्हते.

दुसरी कच्ची बाजू अंमलबजावणीची. शिडीच्या सर्वात वरच्या पायरीवरचा कायदाही तहसीलदाराच्या कचेरीत मरू शकतो. त्यामुळे माझे चार प्रश्न हे संशोधनाचा शेवट नाहीत, सुरुवात आहेत.

हे सगळं इतकं लांबवून सांगण्याचं एक कारण आहे. 'प्रामाणिक की ढोंगी' हा प्रश्न घेऊन फील्डवर गेलेले बहुतेक विद्यार्थी सहा महिन्यांत एकाच वाक्याशी येऊन थांबतात: सगळे सारखेच. मग प्रबंध रडतखडत पूर्ण होतो आणि त्यातून कुणाला काही मिळत नाही. पण सगळे सारखे नाहीत, आणि सगळे निर्णयही सारखे नाहीत. काही पुसले गेले, काही उरले. कुठल्या पाड्यातल्या माणसाने, कुठल्या कोळ्याने, कुठल्या ग्रामसभेने कोणत्या कागदाच्या आधारे काय वाचवलं, हे नीट लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी ते कुणाच्या तरी कामाला येईल. नेत्याच्या मनाचा तळ लागला नाही, तरी त्यांचं काही अडत नाही.

तेव्हा सिनॉप्सिस पाठवण्याआधी एक करा. तुमच्या शीर्षकातला नेता किंवा पक्ष घ्या, त्याचा एकच निर्णय निवडा, आणि तो आज उलटवायचा झाला तर कुणाकुणाच्या सह्या लागतील त्याची यादी करा. यादी जमली नाही तर अजून वाचायचं बाकी आहे. जमली तर मला नक्की पाठवा, मी वाचेन.